मोबाइलची बॅटरी : समज आणि गैरसमज

बारावीच्या वर्गात विद्युत घटांवरील पाठ चालू होता. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मोबाइल पूर्ण बंद पडल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, हे खरे ना? मी दोन वर्षे हा नियम पाळतो आहे. तरीही माझी बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही." मी त्याचा मोबाइल हातात घेऊन पाहिला. मागचे झाकण एका कडेने किंचित उचलले गेले होते. आतली बॅटरी फुगली होती, आणि हाच मोबाइल तो रोज रात्री उशाखाली ठेवून चार्ज करीत होता! मी त्याला तो तेथेच बंद करायला लावला.

विद्यार्थी मित्रहो, या मुलाने निष्काळजीपणा केला नव्हता. उलट, त्याने सांगितलेला नियम निष्ठेने पाळला होता. नियमच चुकीचा होता. असे अनेक नियम आपण एकमेकांना सांगत असतो. त्यांतले खरे कोणते आणि खोटे कोणते, हे ठरवायचे तर प्रथम घटाच्या आत काय चालते ते पाहिले पाहिजे.

घटाच्या आत

आजच्या मोबाइलमध्ये लिथियम-आयन घट असतो. त्याचा पाया १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी घातला. १९८० साली जॉन गुडइनफ यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे उत्तम धन अग्र सुचविले, तर १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी त्याला कार्बनच्या ऋण अग्राची जोड दिली. १९९१ साली हा घट बाजारात आला आणि २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटाचे ऋण अग्र ग्रॅफाइटचे असते. ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या अणूंचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. लहानपणी आपण वहीच्या पानांत मोरपीस ठेवीत असू, तसे चार्ज होताना लिथियमचे आयन धन अग्रातून निघतात, विद्युत अपघटनीतून प्रवास करतात आणि या थरांमध्ये जाऊन बसतात. त्याच वेळी इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलातून ऋण अग्राकडे येतात. मोबाइल वापरताना हीच क्रिया उलट दिशेने होते. मोरपिसे ठेवलेली वही जाड होते, तसे पूर्ण भरलेले ग्रॅफाइटही सुमारे १० टक्के फुगते आणि रिकामे झाले की आक्रसते.

ऋण अग्राच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो अपघटनीपासून अग्राचे रक्षण करतो. परंतु हा थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात काही लिथियम कायमचे अडकून पडते. जितके लिथियम अडकले, तितकी क्षमता घटली. हेच बॅटरीचे म्हातारपण. ते टाळता येत नाही, मात्र लांबविता येते. ते लवकर आणणारी मुख्य कारणे तीन : उष्णता, घट दीर्घकाळ पूर्ण भरलेला ठेवणे, आणि तो वारंवार पूर्ण रिकामा करून पूर्ण भरणे.

आता एक छोटे गणित करू. समजा, बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास असे लिहिले आहे आणि तिचे सरासरी विभवांतर ३.८५ व्होल्ट आहे. म्हणजे तिच्यातील ऊर्जा ५ × ३.८५ = १९.२५ वॅट-तास, अर्थात सुमारे ६९,००० जूल. एवढ्या ऊर्जेने ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा विद्यार्थी सुमारे १४० मीटर उंच, म्हणजे कुतुबमिनाराच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर उचलता येईल. तळहाताएवढ्या पाकिटात एवढी ऊर्जा कोंडलेली आहे, हे लक्षात असू द्या.

गैरसमज पहिला : बॅटरी पूर्ण रिकामी करूनच चार्ज करावी

हा नियम एके काळी खरा होता, पण दुसऱ्या घटासाठी. निकेल-कॅडमिअम घट रोज ठराविक पातळीपर्यंतच वापरला, तर पुढे तो त्या पातळीलाच दमल्यासारखा वागतो. याला 'स्मृती परिणाम' म्हणतात. माझ्या पहिल्या मोबाइलमध्येही निकेलची बॅटरी होती आणि दुकानदाराने ती प्रथम आठ तास चार्ज करायला बजावले होते. घट बदलले, सल्ला मात्र तसाच राहिला. लिथियम-आयन घटाला असा त्रास जाणवण्याइतका होत नाही. उलट, तो पूर्ण रिकामा करणे त्याला जाचक ठरते. साधारणपणे ५०० ते १००० पूर्ण फेऱ्यांनंतर बॅटरीत मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के क्षमता उरते. येथे 'फेरी' म्हणजे चार्जर जोडण्याची एक वेळ नव्हे. १०० वरून ५० टक्क्यांपर्यंत दोनदा वापर केला, तर एक फेरी होते. म्हणून थोडे थोडे चार्ज केल्याने आयुष्य कमी होत नाही. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान बॅटरी ठेवणे सर्वांत चांगले.

गैरसमज दुसरा : रात्रभर लावला तर बॅटरी 'जास्त' चार्ज होऊन फुटते

पाण्याची टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो. मोबाइलमध्येही असाच पहारेकरी मंडल बसविलेले असते. घट भरला की ते धारा बंद करते. त्यामुळे 'जास्त' चार्ज होण्याची भीती नाही. पण या समजुतीत सत्याचा एक अंश आहे. रात्रभर लावलेली बॅटरी कित्येक तास १०० टक्क्यांवर, म्हणजे उच्च विभवांतरावर राहते. त्यात मोबाइल उशीखाली किंवा पांघरुणात असला, तर उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. नको असलेल्या क्रियांनाही हाच नियम लागू! अपघटनीचे विघटन होऊन वायू निर्माण होतात आणि बॅटरी फुगते. अनेक मोबाइलमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा.

गैरसमज तिसरा : जास्त वॅटचा चार्जर बॅटरी जाळतो

घरात १५ अँपिअरचा सॉकेट असला, म्हणून त्यात लावलेला ५ वॅटचा दिवा १५ अँपिअर धारा ओढीत नाही. धारा किती घ्यायची, हे मोबाइल ठरवितो. चार्जर आरंभी ५ व्होल्ट देतो, आणि मोबाइलने मागणी केली तरच विभवांतर वाढवितो. धोका वॅटमध्ये नसून हलक्या प्रतीच्या बनावट चार्जरमध्ये आहे. भिंतीतील २३० व्होल्ट आणि तुमच्या हातातील ५ व्होल्ट यांच्यामध्ये चार्जरमधील विसंवाहकाचाच आडोसा असतो. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण पाहूनच चार्जर घ्यावा.

गैरसमज चौथा : गरम झालेला मोबाइल शीतकपाटात ठेवावा

उन्हाळ्यात ताकाच्या तांब्याबाहेर पाण्याचे थेंब जमतात, तसेच थंड झालेला मोबाइल बाहेर काढताच हवेतील बाष्प त्याच्यावर, आणि आतही, जमू शकते. शिवाय थंडीत घटाचा अंतर्गत रोध वाढतो. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियमचे आयन थरांत न शिरता बाहेरच धातूच्या रूपाने साचू लागतात. तेव्हा गरम मोबाइल सावलीत ठेवा, झाकणाचे कव्हर काढा आणि वापर थांबवा. एवढे पुरते. आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाची काळजी अधिक. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मोबाइल विसरणे म्हणजे बॅटरीला भट्टीत ठेवणेच होय.

गैरसमज पाचवा : सारखी अ‍ॅप्स बंद केल्याने बॅटरी वाचते

पडद्याआड गेलेली बहुतेक अ‍ॅप्स मोबाइलची प्रणाली स्वतःच गोठवून ठेवते. ती बंद करून पुन्हा उघडायला उलट अधिक ऊर्जा लागते. खरा खादाड म्हणजे पडदा. त्याचा उजेड कमी करा. तसेच संदेशलहरी क्षीण असतील तेथे मोबाइलला मनोऱ्याशी संपर्क ठेवण्यासाठी जास्त शक्तीने प्रक्षेपण करावे लागते. घाटात किंवा तळघरात बॅटरी लवकर उतरते ती यामुळे.

करून पाहा

मोबाइल २० टक्क्यांवर असताना चार्जिंगला लावा. दर पाच मिनिटांनी टक्केवारी वहीत नोंदवा. या काळात मोबाइल वापरू नका. नंतर वेळ क्ष-अक्षावर आणि टक्केवारी य-अक्षावर घेऊन आलेख काढा. सुरुवातीला जवळजवळ सरळ चढणारी रेषा शेवटी वाकून मंद होते. असे का? घट ठराविक विभवांतरापर्यंत पोहोचला की पहारेकरी मंडल ते विभवांतर स्थिर ठेवते आणि धारा कमी कमी होत जाते. शिक्षकांनी वर्गातील वेगवेगळ्या मोबाइलचे आलेख शेजारी शेजारी मांडावेत. वाक कोठे सुरू होतो, हे प्रत्येकात सारखेच नसते, आणि त्यावर चांगली चर्चा होऊ शकेल.

एक इशारा

२०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या मोबाइलच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या आणि ते सर्व परत मागवावे लागले. पुढे चौकशीत दोष बॅटरीच्या रचनेत आणि निर्मितीत आढळला. दोन अग्रांमधील पातळ पडदा दुखावला की अग्रे एकमेकांना भिडतात आणि कोंडलेली ऊर्जा क्षणात उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. मोबाइल बंद करून ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर ठेवावा आणि अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्यावा. जुनी बॅटरी कचराकुंडीत टाकू नये. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

त्या विद्यार्थ्याच्या घरी नवा मोबाइल घेण्याचा विचार चालला होता. त्याऐवजी त्याने दुरुस्ती केंद्रात बॅटरी बदलून घेतली. मोबाइल अजून चालतो आहे. रात्री तो टेबलावर असतो, उशाखाली नाही. पुढच्या वेळी कोणी तुम्हांला बॅटरीचा एखादा नियम सांगितला, तर त्याला एकच प्रश्न विचारा : हा नियम कोणत्या घटासाठी?