हेडला क्रॅक, दुखणे पाण्यात

गोंदिया जिल्ह्यात उन्हाळी धान निघते ते मे महिन्यात, पारा 44-45 अंशांवर असताना. शेतातले कट्टे खरेदी केंद्रावर किंवा राइस मिलवर पोहोचवायला बोलेरो पिकअप, टाटा 207 यांसारख्या जुन्या गाड्या धावत असतात. अशा दिवसांत एखादी गाडी ‘पाणी खाऊ’ लागते. बाहेर थेंबही गळत नाही, पण रेडिएटरमधले पाणी रोज उतरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन तापते. हेड गॅस्केट उडाली तरी हीच लक्षणे दिसतात, म्हणून इंजिनचे सिलिंडर हेड उतरवल्याशिवाय निदान होत नाही. उतरवून घासूनपुसून पाहिले, की कधी दोन व्हॉल्व्ह-सीटांच्या मधल्या अरुंद पट्टीवर केसाएवढी रेघ दिसते. मग ‘गाडी जुनी झाली, लोखंड थकले’ असा निकाल लागतो, हेड बदलले किंवा वेल्डिंग करून बसवले जाते आणि गाडी पुन्हा भाड्याला लागते. हा निकाल अर्धाच खरा आहे. चीर पडते हेडला, पण तिचे मूळ बहुतेक वेळा हेडमधून फिरणाऱ्या पाण्यात असते. पाण्याची व्यवस्था न सुधारता हेडवर केलेला खर्च दुसऱ्या चिरेची तयारी ठरतो.

हे समजायला चीर नेमकी तिथेच का पडते ते पाहिले पाहिजे. सिलिंडरमध्ये डिझेल पेटते तेव्हा वायूंचे तापमान क्षणभर 2000 अंशांच्या पुढे जाते. त्या ज्वाळेला तोंड देणारा हेडचा तळ साधारण सेंटिमीटरभर जाड असतो आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला 90 अंशांचे पाणी वाहते. इन्टेक आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्हमधली पट्टी या तळाचा सर्वांत अरुंद आणि सर्वांत तापणारा भाग. ती तापून प्रसरण पावू पाहते, पण भोवतीचे थंड आणि जाड लोखंड तिला जागा देत नाही. त्यामुळे ती दाबली जाते आणि कायमची किंचित आखूड होते. इंजिन थंड झाले की हाच आखूडपणा ओढ बनतो. अशा हेडचे बीड (ओतीव लोखंड) दाबाच्या मानाने ओढ सोसण्यात फारच कमजोर. साधा हिशेब करून पाहा : दोन्ही टोकांना जखडलेल्या बिडाच्या तुकड्यात आणि भोवतालच्या भागात 200 अंशांचा फरक पडला, तर सुमारे 240 मेगापास्कल ताण निर्माण होऊ शकतो. नेहमीच्या एफजी 200 प्रतीच्या बिडाची किमान ताणशक्ती 200 मेगापास्कल आहे. हेडमधली पट्टी अगदी पूर्ण जखडलेली नसते, म्हणून ती पहिल्याच दिवशी तुटत नाही. पण तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी एका जागी तुटते, तशी ती रोजच्या तापण्या-निवण्यात झिजत जाते.

आता पाणी. बोअरवेलचे पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणते. ते तापले की विरघळलेले बायकार्बोनेट फुटते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. हा थर सगळीकडे सारखा बसत नाही, जिथे उष्णता जास्त तिथे तो आधी आणि जाड बसतो. म्हणजे ज्या पट्टीला थंडाव्याची सर्वाधिक गरज, तिच्याच पाठीवर हे पांघरूण चढते. अशा क्षाराची उष्णतावाहकता बिडाच्या जेमतेम पंचविसाव्या भागाइतकी असते. एक मिलिमीटर थर चढला, तर उष्णतेच्या वाटेत सुमारे अडीच सेंटिमीटर बीड जास्तीचे घातल्यासारखे होते. रोज लिटरभर बोअरचे पाणी ओतणारा चालक रोज नवे क्षार आत सोडत असतो. माजी मालगुजारी (मामा) तलावाचे पाणी घेतले तरी गाळ आणि गंजाचा प्रश्न उरतोच.

यावर पहिला आक्षेप वयाचा : दहा-पंधरा वर्षांची गाडी, चीर पडणारच. तापण्या-निवण्याची आवर्तने मोजली जातात हे खरे, पण प्रत्येक आवर्तनातला ताण त्याहून महत्त्वाचा. कॉफिन आणि मॅन्सन या अभियंत्यांनी 1950च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार, अनेक धातूंत प्रत्येक आवर्तनातली कायमची विकृती निम्मी झाली तर धातू साधारण चौपट आवर्तने सोसतो. म्हणून तीच गाडी एकाकडे वर्षानुवर्षे चालते आणि दुसऱ्याकडे दोन हंगामांत हेड खाते. दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला? गोठण थांबवणे हे कूलंटचे एकच काम झाले. त्यातली रसायने गंज रोखतात, ते डिमिनरलाइज्ड पाण्यात मिसळल्यामुळे क्षार आत जात नाहीत आणि निम्म्या प्रमाणातले मिश्रण साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंश उशिरा उकळते. रेडिएटरची टोपीही असाच आधार देते. 0.9 बार दाब धरणारी टोपी धड असेल तर साधे पाणीही 118 अंशांच्या आसपास उकळते, टोपीचे रबर गेले की शंभरालाच. व्हॉल्व्हच्या पट्टीमागे पाणी उकळून वाफेचा थर धरला, की धातूचे तापमान झपाट्याने चढते.

तिसरा आक्षेप विदर्भाच्या उन्हाचा, आणि त्यात तथ्य आहे. पाणी 90 अंशांवर आणि हवा 25 वर असेल तर रेडिएटरला 65 अंशांचा फरक मिळतो. हवा 45 वर गेली की तो 45 उरतो, म्हणजे उष्णता फेकण्याची ताकद जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटते. पण यावर थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा जो उपाय होतो, तो उलटतो. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तसाही वाट मोकळीच ठेवतो. तो नसेल तर पहाटे इंजिन फार वेळ थंड राहते आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहून थोडे पाणी रेडिएटर टाळून फिरत राहते. खरा उपाय म्हणजे उन्हात ओझे कमी भरणे, दरेकसाच्या चढासारख्या रस्त्यावर खालचा गिअर वेळेवर टाकणे आणि चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे आयडलवर ठेवणे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी मात्र कधीच ओतू नये. टोपी उघडली तर वाफेने भाजण्याचाही धोका असतो.

चीर पडलीच, तर आधी तिची तपासणी. हेडवर लाल रंगाचे भेदक द्रव्य लावून पुसतात आणि वर पांढरी पावडर फवारतात. चिरेत शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. त्याहून खात्रीची प्रेशर टेस्ट : पाण्याचे मार्ग पट्ट्या आणि रबराने बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. गरम अशासाठी, की थंडीत मिटलेली चीर तापल्यावर तोंड उघडते. प्रत्येक रेघ जीवघेणी नसते. फोक्सवॅगनच्या काही इंजिनांच्या दुरुस्ती-पुस्तिकेत सीटांमधली अर्ध्या मिलिमीटरपर्यंत रुंदीची चीर चालवून घेतली आहे. आपल्या गाडीला मात्र तिच्याच पुस्तिकेतली मर्यादा लागू होते. पाण्याच्या मार्गापर्यंत गेलेल्या चिरेला सूट नाही. बिडात तीन टक्क्यांहून अधिक कार्बन असतो, त्यामुळे हेड नीट न तापवता वेल्डिंग केले तर जोडाशेजारी काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो आणि नवी चीर तिथूनच निघते. सगळे हेड काहीशे अंशांपर्यंत तापवून, निकेलच्या रॉडने जोडून, हळूहळू निववणारा कारागीर आणि साधने असतील तरच वेल्डिंगला अर्थ आहे. त्यानंतर प्रेशर टेस्ट आणि फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणे) व्हायलाच हवे. फेसिंगही मर्यादेतच, कारण हेड फार घासले की डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनच्या धोकादायक जवळ येतात.

तेव्हा खर्चाचा क्रम बदला. हेड बसवण्याआधी ब्लॉकमधले पाण्याचे मार्ग आणि रेडिएटर क्षारमुक्त करून घ्या, पाण्याचा पंप, फॅन बेल्ट, टोपी आणि थर्मोस्टॅट तपासा, कूलंट डिमिनरलाइज्ड पाण्यात मिसळून भरा आणि हेडचे बोल्ट पुस्तिकेतल्या क्रमाने व ताकदीने आवळा. हे सगळे नव्या हेडच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. मिस्त्रीकडून हेडचे बिल घेताना एवढेच विचारा : पाण्याचे काय केले? त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर दुरुस्ती अजून पूर्ण झालेली नाही.