योग साधला, क्षेमाचें काय?

नाहीं तें मिळविणें याला आपल्याकडे योग म्हणतात, आणि मिळालेलें राखणें याला क्षेम. दोन्ही शब्द आपण एका दमांत उच्चारतों खरे. परंतु संसारांत काय किंवा खेळांत काय, पहिल्याचें जितकें कौतुक होतें तितकें दुसऱ्याचें होत नाहीं. याचें एक ठळक उदाहरण आम्हांस अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत आढळलें. चिरंजीव वॉशिंग्टननजीक नोकरीस असल्यामुळें २०१९ सालच्या मे महिन्यापासून सहा महिने आमचा मुक्काम तिकडे होता, आणि नातवाच्या संगतीनें तेथील ‘नॅशनल्स’ या संघाचे आम्ही कट्टे अभिमानी झालों. तेव्हां पुढील मतें अभिमानी माणसाचीं आहेत, एवढें वाचकांनीं प्रथमच ध्यानांत घ्यावें.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द लिहितों. क्रिकेटमधील गोलंदाजाच्या जागीं बेसबॉलमध्यें पिचर असतो. तो धांवत येत नाहीं. एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून सुमारें साठ फुटांवरील फलंदाजाकडे टप्पा न पाडतां चेंडू फेंकतो, आणि कोपर वांकविण्याची त्यास पूर्ण मुभा असते. क्रिकेटांत सहा चेंडू झाले कीं दुसऱ्या टोंकाकडून दुसरा गोलंदाज येतो व पहिल्यास दम खातां येतो. येथें तशी सोय नाहीं. चेंडू एकाच्याच हातीं राहतो, आणि एकदां त्यास मैदानाबाहेर घेतलें कीं त्या दिवशीं तो परत येऊं शकत नाहीं. सामना नऊ डावांचा असतो. आरंभींचा पिचर पांच-सात डाव निभावतो, शंभराच्या आसपास चेंडू फेंकतो, आणि पुढें बहुधा चार दिवस विश्रांति घेतो. उरलेले डाव राखीव पिचरांनीं काढावयाचे. ही मंडळी ज्या कुंपणाआड हात मोकळे करीत बसते त्या जागेस बुलपेन म्हणतात, व त्यावरून त्या मंडळीसहि तेंच नांव पडलें आहे. सारांश, आघाडी मिळवून देणारे आरंभींचे पिचर हे योगाचे अधिकारी, आणि ती राखणारें बुलपेन क्षेमाचें.

त्या सालीं नॅशनल्सचा योगपक्ष मोठा बलवान होता. सर्वोत्तम पिचरास मिळणारा साय यंग पुरस्कार तीनदां पटकावलेला मॅक्स शर्झर, उंचपुरा स्टीफन स्ट्रासबर्ग, डावखुरा पॅट्रिक कॉर्बिन आणि वेगापेक्षां युक्तीवर भिस्त ठेवणारा अनिबाल सांचेझ, असे चार खांब होते. पहिल्या तिघांवर क्लबानें कोट्यवधि डॉलर ओतले होते. क्षेमपक्ष मात्र अगदींच दुबळा. कोपराच्या शस्त्रक्रियेंतून उठलेल्या ट्रेव्हर रोझेंथालवर मोठी आशा होती. पण पहिल्या चार वेळां मैदानांत उतरून त्यास एकहि फलंदाज बाद करतां आला नाहीं. मोसमभरांत या बुलपेननें दर नऊ डावांमागें साडेपांचांहून अधिक धावा दिल्या. नॅशनल लीगच्या पंधरा संघांत याहून वाईट बुलपेन दुसरें नव्हतें.

२२ मे रोजीं न्यूयॉर्क येथें मेट्स संघाशीं झालेला सामना नमुन्यादाखल घ्यावा. शर्झरनें सहा डाव टाकले व एकहि धाव दिली नाहीं. संघ १-० असा पुढें होता. मग राखीव मंडळी आली, एकट्या आठव्या डावांत सहा धावा देऊन बसली, आणि सामना ६-१ असा गेला. दुसऱ्या दिवशीं ४-३ अशी आघाडी पुन्हां आठव्याच डावांत गमावली आणि ६-४ असा पराभव पदरीं आला. पन्नास सामन्यांत १९ जय आणि ३१ पराजय, असा त्या दिवशींचा हिशोब होता. पिचरांचा शिक्षक त्यापूर्वींच बदलून झाला होता. परंतु मास्तर बदलल्यानें वर्गाचा निकाल तीन आठवड्यांत सुधारत नसतो, हें आम्हां निवृत्त शिक्षकांस कोणीं सांगावयास नको. व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझ यांस काढून टाकावें अशीहि ओरड झाली. आमचें मत तेव्हांहि निराळें होतें व आजहि तेंच आहे. कोठींत जें धान्य भरलेलें नाहीं तें स्वयंपाक करणारानें रांधावें कसें? दोष होता तो दर्शनी दालन सजवून कोठी रिकामी ठेवणारांचा.

पुढें संघ सांवरला. जुलैअखेर टोरोंटोकडून डॅनियल हडसन हा राखीव पिचर आणला, आणि शेवटीं ९३ जय व ६९ पराजय अशी मजल गांठली. ऑक्टोबरांत मार्टिनेझ यांनीं जी युक्ति योजिली ती धाडसाची होती. बुलपेनवर विश्वास नाहीं ना, मग आरंभींच्या पिचरांसच मधल्या दिवशीं राखीव म्हणून उतरवावयाचें! १ ऑक्टोबरच्या मिल्वॉकीविरुद्धच्या सामन्यांत शर्झरमागून स्ट्रासबर्ग आला, तीन डाव धाव न देतां काढून गेला, आणि तीनच दिवसांनीं लॉस एंजेलिसविरुद्ध आरंभापासून उभा राहिला. कॉर्बिन तर त्या महिन्यांत तीनदां आरंभीं व पांचदां मध्यें आला. ह्यूस्टनविरुद्धच्या जागतिक मालिकेंत सातही सामने पाहुण्या संघानेंच जिंकले. ३० ऑक्टोबरच्या अखेरच्या सामन्यांत शर्झर पांच डाव, कॉर्बिन तीन व हडसन एक, असे तिघांत नऊ डाव झाले आणि ६-२ असा विजय मिळाला. वॉशिंग्टन शहरास हा मान १९२४ नंतर प्रथमच लाभला. मालिकेंतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला स्ट्रासबर्ग.

आतां या नाण्याची दुसरी बाजू. २०१० सालीं स्ट्रासबर्गच्या कोपराचा स्नायुबंध तुटून शस्त्रक्रिया झाली होती. त्यामुळें २०१२ सालीं १५९ डाव होतांच क्लबानें सप्टेंबरांतच त्यास विश्रांति दिली. त्या वर्षीं नॅशनल्स सर्व संघांत अग्रेसर होते, आणि बाद फेरींत सेंट लुईसकडून हरले. ‘हात जपला आणि करंडक गमावला’ असा उपहास पुढें कित्येक वर्षें चालला. तो आम्हांस सर्वथैव अन्यायाचा वाटतो. निर्णायक सामन्यांत नॅशनल्स एके काळीं ६-० असे पुढें होते. नवव्या डावाच्या आरंभींहि ७-५ अशी आघाडी होती. ती राखीव पिचरास राखतां आली नाहीं आणि ९-७ असा पराभव झाला. म्हणजे तेव्हांहि उणीव योगाची नव्हती, क्षेमाचीच होती.

२०१९ सालीं याच हातानें नियमित सामन्यांत २०९ डाव टाकले आणि ऑक्टोबरांत आणखी ३६. डिसेंबरांत क्लबानें त्याच्याशीं सात वर्षांचा, साडेचोवीस कोटि डॉलरांचा करार केला. त्यानंतर स्ट्रासबर्ग किती सामन्यांत उतरला? २०२० सालीं दोन, २०२१ सालीं पांच आणि २०२२ सालीं एक, एकूण आठ! आधीं मनगटाची, मग खांद्याजवळील नसांची शस्त्रक्रिया झाली, आणि २०२४ सालीं तो निवृत्त झाला. कॉर्बिनच्या नांवें २०२१ व २०२२ या दोन्ही सालीं लीगमधील सर्वाधिक पराभव लागले. शर्झरला क्लबानें २०२१ सालीं लॉस एंजेलिसला देऊन टाकलें, आणि २०२२ सालीं संघानें १०७ सामने गमावले.

एका ऑक्टोबरनें हात निकामी केला असें आम्ही म्हणत नाहीं. तो हात पूर्वींहि दुखावलेला होता, आणि इतर संघांतील पिचरांचे हातहि निकामी होतातच. स्वतः स्ट्रासबर्ग चेंडू मागून घेत होता, हेंहि खरें. मग २०१२ चा सावधपणा योग्य कीं २०१९ चें धाडस? आमच्या मतें हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. दोन्ही सालीं खरा प्रश्न एकच होता: भरंवशाचे आणखी दोन-तीन राखीव पिचर वेळीं कां तयार केले नाहींत? ते असते तर पहिल्या सालीं करंडकाची आशा राहती, आणि दुसऱ्या सालीं एकाच हातावर इतकें ओझें न पडतें.

मोठ्या कुटुंबांत जो करतो त्याच्याच माथीं आणखी काम पडतें. ‘तो निभावतो आहे ना’ म्हणून बाकीचे निश्चिंत असतात, आणि तो एक दिवस अंथरुणास खिळला कीं सगळे चकित होतात. हें आमच्या वाचकांस फोडून सांगावयास नको. नॅशनल्सचा करंडक खरा आहे, त्याचा आम्हांस अभिमान आहे, आणि त्या रात्रीं आम्हीहि नातवाबरोबर टाळ्या पिटल्या. परंतु पुढील खेपेस क्लबाचे चालक थैली सोडतील तेव्हां त्यांनीं पहिला विचार आठव्या आणि नवव्या डावांचा करावा. ते डाव टाकणाराचें नांव पाटीवर मोठें लिहिलें जात नाहीं. पण पहिल्या सात डावांत मिळविलेलें सारें त्याच्याच हातीं असतें.