कामगंध सापळा आणि पतंगाची घ्राणप्रथिने

वाळवे तालुक्यातील आष्टा व भोवतालचा कृष्णाकाठ उसासाठी प्रसिद्ध असला, तरी या काठच्या वांग्यांची चवही सर्वश्रुत आहे. या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे शेंडे व फळे पोखरणारी अळी. अंड्यातून बाहेर पडताच काही तासांत ती शेंड्यात वा फळात शिरते. मग बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शेतकरी मात्र फवारणीमागून फवारणी करीत राहतो. खर्च वाढतो आणि औषधाचा अंश बाजारमार्गे आपल्याच ताटात येतो. अळीपूर्वीच पतंगाला गाठणारा कामगंध सापळा म्हणूनच उपयुक्त होय. तो का चालतो हे उमगले, तर तो कोठे फसतो हेही उमगते.

रात्री मादी पतंग अत्यल्प गंधद्रव्य हवेत सोडते. नराच्या शृंगिकांवर सूक्ष्म, पोकळ केस असतात. त्यांच्या भिंतींना छिद्रे असून आत पाणीदार द्रव असतो. अडचण येथेच आहे. गंधद्रव्य तेलकट, ते पाण्यात सहज मिसळत नाही. आणि गंध ओळखणारा चेतातंतू द्रवाच्या पलीकडे! नदी दुथडी भरली असता पैलतीरी जाण्यास नाव लागावी, तसाच हा प्रकार. येथे नावाड्याचे काम गंधबंधक प्रथिन करते. या इवल्याशा प्रथिनाच्या पोकळीत गंधकण बसतो व चेतातंतूच्या पटलापर्यंत नेला जातो. तेथील ग्राही प्रथिनाशी तो जुळला, की विद्युत्संदेश मेंदूकडे धावतो. काम झालेल्या गंधकणांचा विकरे त्वरित नाश करतात. अन्यथा जुनाच गंध रेंगाळून नराला मादीची दिशाच कळली नसती.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने हाती आले. १९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी सुमारे ५ लाख रेशीम-पतंग माद्यांपासून पहिला कामगंध वेगळा केला. १९८१ मध्ये अमेरिकेत व्होग्ट व रिडिफर्ड यांना पॉलिफेमस पतंगात गंधबंधक प्रथिन आढळले. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडील टसर पतंग याच प्रजातीतला, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते. ग्राही प्रथिनांची जनुके १९९९ मध्ये ड्रोसोफिला माशीत सापडली.

सापळ्यातील आमिषात हाच गंध कृत्रिम रीतीने भरलेला असतो. ग्राही प्रथिने फार चोखंदळ असल्याने बोंडअळीचे आमिष वांग्याच्या शेतात टांगणे व्यर्थ होय. कित्येकदा दुकानदार देईल ते आमिष आणले जाते आणि दोष सापळ्याला लागतो! आमिषातील गंध हळूहळू उडून जातो. वेष्टनावरील मुदतीप्रमाणे, साधारणतः ३ ते ४ आठवड्यांनी, ते बदलावे. तंबाखूच्या वा औषधाच्या हाताने त्यास स्पर्श करू नये. केवळ पाहणीसाठी हेक्टरी ५ सापळे पुरतात. नर मोठ्या प्रमाणावर पकडावयाचे असल्यास संख्या पुष्कळ वाढवावी लागते.

मर्यादाही ध्यानात घ्यावी. सापळ्यात नरच अडकतात. शेजारच्या शेतात समागम झालेली मादी उडत येऊन अंडी घालतेच. एकट्यादुकट्याच्या शेतातील सापळे म्हणूनच अपुरे पडतात. सुकलेले शेंडे व किडकी फळे तोडून नष्ट करण्याचे कामही चालूच ठेवावे लागते. ग्रामपंचायतीने सर्व वांगी उत्पादकांना एकाच आठवड्यात सापळे लावण्यास प्रवृत्त करावे, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पतंग मोजून घ्यावेत आणि ती संख्या चावडीच्या फलकावर लिहावी. संख्या वाढू लागली, की शेंडे तपासण्याची वेळ आली असे समजावे.