छायाचित्र पाहतांना

हौशी छायाचित्रकारानें चित्र पुढें करतांच आपण ‘छान!’ म्हणतों, त्यांतून तो काय शिकणार? उलट, ‘तुला नजरच नाहीं’ एवढ्या एका शेऱ्यानें कॅमेरा कायमचा पेटींत गेलेला मीं पाहिला आहे. नुसतें ‘अस्पष्ट’ म्हणणेंही अपुरेंच. सारें चित्र एकाच दिशेनें फरफटलेलें दिसलें, तर हात हलला असावा. भिंत रेखीव आणि धावणारें मूलच पुसट असेल, तर १/३० ऐवजीं १/२५० सेकंदाची उघडझाप हवी होती. स्तब्ध उभें मूल अंधुक आणि मागचें झाड स्पष्ट, तर फोकस चुकला. दोष असा कारणासह सांगावा. साधलेला प्रकाशही तितक्याच नेमकेपणानें. ऐकणाऱ्यानें ‘ऊन नव्हतें हो’ अशी कैफियत मांडूं नये (चित्राशेजारीं ती कोणी टांगीत नाहीं!); पाहणाऱ्याला प्रथम काय दिसलें तें विचारावें, आणि तेंच दृश्य पुन्हां टिपून दोन्ही प्रती त्याच्यापुढें ठेवाव्या.