घरातला ‘आप्त’ आणि सत्याची कसोटी

खरं बोलावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. खरं ओळखावं कसं, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही. बंगळुरूच्या एका कोपऱ्यात या दोन्ही गोष्टींचे धडे मिळतात...

बंगळुरूच्या दक्षिणेकडचं ‘बनशंकरी’ हे नाव मराठी माणसाच्या कानाला परकं वाटत नाही. बागलकोट जिल्ह्यातल्या बदामीजवळची बनशंकरी, म्हणजेच शाकंभरी, ही महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. बंगळुरूत कनकपुरा रोडवर तिचं देऊळ आहे आणि आजूबाजूच्या भल्यामोठ्या वस्तीला नाव मिळालंय ते या देवीचंच. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी इथं बायकांची झुंबड उडते. लिंबू अर्धं चिरायचं, रस पिळून साल उलटी करायची, त्या इवल्याशा वाटीत तूप आणि वात घालून दिवा लावायचा. आणि हे सारं करायचं ते नेमकं राहुकाळात!

दक्षिणेत राहुकाळ फार कटाक्षानं पाळतात. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ भाग केले की त्यातला एक राहूचा. म्हणजे रोजचा साधारण दीड तास. या दीड तासात नवी गाडी घरी आणायची नाही, करारावर सही करायची नाही, प्रवासाला निघायचं नाही. बनशंकरीच्या देवळात मात्र हाच दीड तास पूजेसाठी उत्तम! रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला जी वेळ अशुभ, तीच देवळातल्या बाईला शुभ. मग खरं काय समजायचं?

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण तो तसा नाही. दिवा लावणारी बाई घड्याळाबद्दल काही सिद्ध करायला आलेली नसते. लेकीचं लग्न, नवऱ्याचं आजारपण, मुलाची नोकरी अशी एखादी काळजी पदरात बांधून ती आलेली असते. तिचं ते मागणं असतं, आणि मागण्याला कुणी खरं-खोटं म्हणत नाही. पण ‘राहुकाळात सही केली की धंदा बुडतोच,’ असं कुणी ठासून सांगितलं, तर ते मागणं राहत नाही, ते विधान होतं. आणि विधान तपासता येतं. राहुकाळात केलेले शंभर करार घ्या, इतर वेळेचे शंभर घ्या, बघा कुठले किती बुडाले ते!

श्रद्धा कुठं संपते आणि विधान कुठं सुरू होतं, हे ओळखणं ही सत्याच्या वाटेवरची पहिली पायरी. ती आयुष्यभर लोकांना दाखवत राहिलेला एक माणूस या भागातच राहायचा. बनशंकरी स्थानकावरून मेट्रोच्या हिरव्या मार्गानं शहराकडे निघालं की पाचवं स्थानक येतं ‘नॅशनल कॉलेज’. बसवनगुडीतलं हे कॉलेज आणि डॉ. एच. नरसिंहय्या ही दोन नावं बंगळुरूत एका दमात घेतली जातात.

गांधीवादी आणि अणुशास्त्रज्ञ

गौरीबिदनूर तालुक्यातल्या होसूर या खेड्यात, गरीब घरात नरसिंहय्यांचा जन्म झाला. शिकायला ते बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कूलमध्ये आले. १९४२च्या ‘चले जाव’ आंदोलनात तुरुंगात गेले. सुटून आल्यावर पदार्थविज्ञान शिकले, नॅशनल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढं अमेरिकेच्या ओहायो स्टेट विद्यापीठातून १९६० साली अणुभौतिकीत डॉक्टरेट मिळवून परतले. परतल्यावरही अंगावर खादी, डोक्यावर गांधी टोपी आणि मुक्काम कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीत! लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. प्राचार्य झाले, १९७२ ते १९७७ बंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पद्मभूषण झाले. राहणी तीच राहिली. ३१ जानेवारी २००५ रोजी ते गेले. कर्नाटकात आजही लोक त्यांना प्रेमानं ‘एच्चेन’ म्हणतात.

१९६२ साली त्यांनी ‘बंगळुरू सायन्स फोरम’ सुरू केलं. दर बुधवारी विज्ञानावर व्याख्यान. तिकीट नाही, आमंत्रण नाही, कुणीही यावं आणि वक्त्याला प्रश्न विचारावा. पोरांनी प्रश्न विचारलाच पाहिजे, हा एच्चेन यांचा आग्रह. न विचारता स्वीकारलेली गोष्ट खरी निघाली तरी ती आपली होत नाही, उसनीच राहते, असं हे साधं तत्त्व.

गंमत पहा. गांधीजींनी आपल्या आत्मकथेला नाव दिलं ते ‘सत्याचे प्रयोग’. ‘प्रयोग’ हा शब्द प्रयोगशाळेतलाही आहे. एच्चेन यांच्या आयुष्यात गांधी आणि विज्ञान गुण्यागोविंदानं नांदले, याचं कोडं बहुधा या एका शब्दात सुटतं.

१९७६ची ती पत्रं

कुलगुरू असताना, १९७६ साली, एच्चेन यांनी चमत्कार आणि पडताळून पाहता येतील अशा अंधश्रद्धा यांच्या तपासणीसाठी एक समिती नेमली. ‘पडताळून पाहता येतील अशा’ हे शब्द महत्त्वाचे. देव आहे की नाही, हा समितीचा विषय नव्हताच. हवेतून विभूती किंवा वस्तू काढून दाखवणं हा मात्र डोळ्यांसमोर घडणारा प्रकार. त्याची तपासणी का होऊ नये? पुट्टपर्तीच्या सत्य साईबाबांना त्यांनी तीन पत्रं लिहिली : समितीसमोर, ठरवलेल्या अटी पाळून, आपले चमत्कार करून दाखवावेत.

बाबांनी हे आव्हान स्वीकारलं नाही. विज्ञानाची धाव इंद्रियांपर्यंत, अध्यात्म त्यापलीकडचं, तेव्हा विज्ञानानं आपल्या मर्यादेत राहावं, अशी त्यांची भूमिका होती. वृत्तपत्रांतून दोन्ही बाजूंनी खूप लिहिलं गेलं. १९७७ साली समितीच बरखास्त झाली.

या वादात एक विलक्षण योगायोग होता. ज्यांना पत्र लिहिलं त्यांच्या नावातच ‘सत्य’ होतं. त्यांच्या संस्थांच्या शिक्षणक्रमात सत्य, धर्म, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मानवी मूल्यं शिकवली जातात आणि त्यात पहिलं मूल्य सत्य! पत्र लिहिणारेही सत्याचेच उपासक. म्हणजे भांडण सत्य हवं की नको, हे नव्हतंच. सत्यापर्यंत पोचायचं कसं, हे होतं.

इथं पुष्कळांची गल्लत होते. साईबाबांच्या ट्रस्टनं १९९१ साली पुट्टपर्तीत आणि २००१ साली बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये मोठी रुग्णालयं उभारली. तिथं गरिबांवर मोफत उपचार होतात. अनंतपूर जिल्ह्यातल्या तहानलेल्या गावांना ट्रस्टनं पाणी पोचवलं. भक्त म्हणतात, ‘एवढं काम करणाऱ्याचे चमत्कार खोटे कसे असतील?’ विरोधक म्हणतात, ‘चमत्कार सिद्ध झाले नाहीत, मग या कामाचं कौतुक कशाला?’ दोघंही एकच तराजू दोन्हीकडे वापरतात. रुग्णालय चांगलं आहे की नाही हे बरे होऊन गेलेल्या रुग्णांवरून ठरतं, आणि विभूती कुठून आली हे तपासणीवरून. एकाचा दाखला दुसऱ्याला चालत नाही.

गुरुदेव महात्माजींना म्हणाले...

हीच गल्लत खुद्द गांधीजींच्या बाबतीत घडली होती. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. हजारो माणसं दगावली. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले.

अस्पृश्यता नष्ट व्हावी, यात रवींद्रनाथ टागोरांचं दुमत नव्हतं. तरीही त्यांनी जाहीर निषेध केला. जमिनीखालच्या हालचालींची कारणं जमिनीखालीच असतात, माणसाच्या पापपुण्यात नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी एक बोचरी गोष्टही सुनावली : हा युक्तिवाद सनातन्यांनाच जास्त शोभतो, उद्या ते म्हणतील की, गांधींच्या सुधारणांमुळंच भूकंप झाला! मग त्यांना काय उत्तर देणार?

टागोरांचा मुद्दा फार मोलाचा आहे. हेतू कितीही उदात्त असो, त्याला खोट्या कारणाचा टेकू देऊ नये. टेकू निसटला की लोक हेतूवरही शंका घेतात. अस्पृश्यता वाईट, कारण ती माणसाला माणूस मानत नाही. तेवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी भूकंपाची साक्ष कशाला?

गांधीजींचं मोठेपण असं की, त्यांना टागोरांचं म्हणणं पटलं नाही, तरी त्यांनी ते आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापलं आणि शेजारी स्वतःचं उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं आपल्या अंगणात मांडू देणं, हीसुद्धा सत्याची पूजाच की!

एच्चेन यांनी पत्रं लिहिली त्याच १९७६ साली ४२वी घटनादुरुस्ती झाली. तिनं नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी घटनेत घातली. त्यातलं एक कर्तव्य वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चौकस वृत्ती जोपासण्याचं आहे. विज्ञान आणि माणुसकी एकाच कलमात, शेजारी शेजारी! दुर्दैवानं, पुढच्या काळात प्रश्न विचारण्याची किंमत काहींना जिवानं मोजावी लागली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची, तर ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गींची हत्या झाली.

पुण्यकोटीचा शब्द

सत्य फक्त तपासण्यात असतं का? बंगळुरूच्या शाळेत जाणारी मराठी मुलंही एक कन्नड गोष्ट हमखास शिकतात : ‘पुण्यकोटी’ गाईची. रानात वाघ तिला अडवतो. ती म्हणते, वासरू भुकेलं आहे, त्याला पाजून परत येते. वाघ सोडतो. कळपातल्या गाई म्हणतात, ‘जाऊ नकोस, वाघाला दिलेला शब्द कसला पाळायचा?’ पुण्यकोटी वासराला त्यांच्या हवाली करते आणि वाघासमोर येऊन उभी राहते. तिचं ते वागणं पाहून वाघाला स्वतःचीच लाज वाटते आणि तो जीव देतो. आपल्याकडे महाशिवरात्रीच्या कथेतली हरिणी पारध्याला दिलेला शब्द अशीच पाळते.

इथं तपासणारी समिती नव्हती. गाय आली नसती तर कुणीही तिला दोष दिला नसता. पण शब्द दिला तेव्हा तो एक कोरा कागद होता. ती परत आली म्हणून तो खरा झाला. काही सत्यं आधीपासून असतात, ती शोधावी लागतात. काही सत्यं आपण वागून खरी करावी लागतात.

आप्त म्हणजे कोण?

या दोन सत्यांची सांगड आपल्या न्यायदर्शनानं केव्हाच घातली आहे. ज्ञान मिळवण्याची चार साधनं नैयायिकांनी सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, पण कुणाच्या? तर ‘आप्ता’च्या. हा आप्त कोण, याचं उत्तर भाष्यकार वात्स्यायनानं दिलं आहे : ज्यानं ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. लक्षण सगळ्यांना सारखंच!

म्हणजे दोन अटी झाल्या. नुसतं प्रामाणिक असून भागत नाही, माहितीही हवी. नुसती माहिती असून भागत नाही, प्रामाणिकपणाही हवा. पहिली अट एच्चेन यांची, दुसरी पुण्यकोटीची.

मराठीत आज ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक. आणि घोळ नेमका इथंच होतो. मोबाइलवर ‘अमुक काढा घ्या, मधुमेह मुळापासून जातो’ असा निरोप येतो. पाठवणारे सख्खे मामा असतात. मामांचं प्रेम शंभर नंबरी, पण काढ्याबद्दल त्यांनी स्वतः काय जाणलेलं असतं? त्यांनाही तो कुणीतरी पाठवलेला असतो. नात्यानं ते आप्त, न्यायशास्त्रानं नव्हेत! भाच्यानं त्या निरोपावर विसंबून गोळ्या बंद केल्या, तर मामांच्या प्रेमानं रक्तातली साखर उतरत नाही.

उलट बाजूही आहे. तपासणीचा अहवाल हातात असलेला डॉक्टर रुग्णाच्या तोंडावर सगळं फटकन सांगून मोकळा होतो. त्याची माहिती अचूक असते, पण ऐकणारा कोलमडतो. आणि ‘आईला धक्का बसेल’ म्हणून मुलं तिचा आजार तिच्यापासूनच लपवतात, तेव्हा तिच्या उरलेल्या दिवसांचे निर्णय तिच्याऐवजी दुसरेच घेतात. सत्य प्रिय करून सांगावं, पण प्रिय वाटावं म्हणून खोटं सांगू नये, असं आपली जुनी माणसं सांगत आली ती उगाच नव्हे. आईच्या जवळ बसून, तिचा हात धरून, तिला पेलेल तसं थोडं थोडं सांगता येतं. वेळ लागतो एवढंच.

म्हणून कुणी काही सांगितलं, की दोन प्रश्न स्वतःशी विचारून पाहावेत. सांगणाऱ्याला हे स्वतः माहीत आहे का? आणि जसं माहीत आहे तसंच तो सांगतो आहे का? हेच दोन प्रश्न निरोप पुढं ढकलण्याआधी स्वतःलाही लावावेत. बनशंकरीच्या देवळात लिंबाच्या सालीत दिवा लावणाऱ्या बाईला त्यासाठी दिवा विझवावा लागत नाही. घरी आल्यावर नवऱ्याची औषधाची वेळ तिनं चुकवली नाही, की झालं.