संख्येचें घर

शाळेंत वार्षिक परीक्षेच्या गुणांचा तक्ता लिहिण्याचें काम माझ्याकडे होतें, तेव्हांची ही गोष्ट. एक शिक्षक गुण वाचून दाखवीत व मी उतरून घेत असें. बाराव्या क्रमांकाचा मुलगा गणिताच्या परीक्षेस गैरहजर होता. त्याचें घर मीं रिकामें सोडावयास हवें होतें. तें सोडलें नाहीं. तेराव्याचे गुण बाराव्याच्या घरांत पडले आणि तेथून खालीं प्रत्येकास पुढच्याचे गुण मिळाले. शेवटचें घर रिकामें राहिलें, तेव्हां गैरहजर तोच असावा असें आम्ही समजलों. एकहि आंकडा खोटा नव्हता. पण प्रत्येक आंकडा परक्या घरीं गेला होता. एक चांगला मुलगा नापास ठरला. दोन दिवसांनीं चूक उमगली व निकाल सुधारला. परंतु ते दोन दिवस त्या घरांत कसे गेले असतील, हा विचार मला अद्याप सोडीत नाहीं.

माझा नातू संगणकाच्या आज्ञावली लिहावयास शिकतो. त्याला ही हकीकत सांगितली तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, संगणकाला नांवें कळत नाहींत, त्याला जागा कळते." त्याच्या या एका वाक्यांत सर्व विषय आला.

एकाच जातीच्या वस्तूंची क्रमवार पंक्ति म्हणजे अ‍ॅरे. आडव्या ओळी व उभे स्तंभ यांनीं मांडलेला संख्यांचा चौकोन म्हणजे मॅट्रिक्स. आमचा गुणांचा तक्ता ही मॅट्रिक्सच होय. मात्र संगणकाच्या स्मृतींत चौकोन नसतो. तेथें घरांची एकच लांब रांग असते. चौकोन राहतो तो केवळ नियमांत. पांच मुलें व चार विषय धरा. एकंदर घरें २०. मोजणी शून्यापासून करावयाची, कारण आरंभापासून किती घरें ओलांडावयाचीं तेंच त्या अंकानें सांगितलें जातें. तिसऱ्या मुलाचा दुसरा विषय म्हणजे ओळ २, स्तंभ १. ओळीची रुंदी ४; म्हणून २ × ४ + १ = ९. नऊ घरें ओलांडलीं कीं हवा तो आंकडा हातीं येतो. रुंदी चुकून ५ धरली, तर ११ हें उत्तर येतें आणि त्याच मुलाच्या चौथ्या विषयाचे गुण पुढें येतात. यंत्र तक्रार करीत नाहीं. १९५७ सालीं आलेली फोर्ट्रान ही भाषा स्तंभामागून स्तंभ लावते. पुढें १९७० नंतर आलेली सी ही ओळीमागून ओळ. एकीनें लावलेली रांग दुसरीच्या रीतीनें वाचली, तर आमच्या तक्त्याचीच गत होते.

संस्कृत छंदःशास्त्र ज्यांनीं वाचलें आहे, त्यांना येथें पिंगलाचार्यांच्या प्रस्ताराचें स्मरण होईल. तीन अक्षरांच्या लघुगुरूंचे आठ भेद ओळीनें मांडले, कीं म, य, र, स, त, ज, भ, न हे गण त्याच क्रमानें येतात. सहावा भेद कोणता, हें सारा प्रस्तार न लिहितां काढण्याची रीति 'नष्ट' होय. संख्या सम असल्यास तिचें अर्ध करून लघु लिहावा. विषम असल्यास एक मिळवून अर्ध करावें व गुरु लिहावा. ६ चे ३, लघु. ३ चे २, गुरु. २ चा १, लघु. हाच ज-गण. उलट, भेदावरून क्रमांक काढणें तें 'उद्दिष्ट'. एवढ्यावरून पिंगलाचार्यांस संगणक ठाऊक होता असें म्हणणें हास्यास्पद होय. परंतु स्थानावरून वस्तु व वस्तूवरून स्थान गणितानें काढतां येतें, हें मर्म त्यांना पूर्ण अवगत होतें.

आतां रिकाम्या घराविषयीं. गैरहजर मुलाच्या घरांत शून्य लिहिणें हाहि अन्यायच. दोघांस ६० व ७० गुण आणि तिसरा गैरहजर असतां सरासरी ६५ येते. शून्य धरल्यास ती ४३ वर घसरते. शून्य ही संख्या आहे, अभाव नव्हे. संगणकांतील चलबिंदु संख्यांसाठीं १९८५ सालीं ठरलेल्या मानकांत 'ही संख्या नव्हे' अशी निराळी खूण ठेविली आहे.

घरचा जमाखर्च असो वा संगणकाची आज्ञावली, तक्ता मांडणारानें आधीं ओळ कशाची, स्तंभ कशाचा, मोजणी कोठून व रिकाम्या घराची खूण कोणती, हें लिहून ठेवावें. आंकडे आपलें नांव सांगत नाहींत. आणि त्यांच्यामागें कोणाचा तरी मुलगा निकालाची वाट पाहत उभा असतो.