गोलरक्षकाचा जमाखर्च

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाचा गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना १९२६ साली क्षयाने निवर्तल्यावर त्याच्या स्मरणार्थ संघाच्या मालकांनी उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगला एक करंडक अर्पण केला, आणि हंगामात ज्या संघावर सर्वांत कमी गोल होतील त्याच्या गोलरक्षकास तो द्यावा, हा शिरस्ता १९८१ पर्यंत चालला. शिरस्ता वरवर निर्दोष दिसतो. परंतु ज्याच्यापुढे खंबीर बचावफळी उभी आहे असा गोलरक्षक आणि ज्याच्यावर अखंड फटक्यांचा वर्षाव होतो असा गोलरक्षक, या दोघांना एकाच तराजूत तोलणे न्यायाचे नव्हते.

सहा फूट रुंद, चार फूट उंच गोल. त्यापुढे पायांना जड पॅड बांधून गुडघ्यांत वाकलेला एकटा माणूस. आणि बर्फावरून सणसणत येणारी तीन इंच व्यासाची रबरी चकती! समजा, अशा एकाने वीस फटक्यांपैकी दोन आत जाऊ दिले व दुसऱ्याने चाळिसांपैकी तीन. साठ मिनिटांतील गोल मोजणारा जुना हिशेब पहिल्यास श्रेष्ठ ठरवतो. अडवलेल्या फटक्यांचे शेकडा प्रमाण काढले, तर पहिल्याच्या नावे नव्वद व दुसऱ्याच्या नावे साडेब्याण्णव लागतात आणि फैसला उलटतो. कोणा दोघांत दोनच टक्क्यांचे अंतर असले, तर ते क्षुल्लक भासेल. पण सामन्यागणिक तीस फटके व साठ सामने धरले, तर तेच छत्तीस गोलांचे होते. चेक गोलरक्षक डॉमिनिक हाशेक १९९४ ते १९९९ असे सलग सहा हंगाम या प्रमाणात लीगमध्ये अग्रस्थानी राहिला. आपल्या संघास सर्वांत मोलाचा ठरलेल्या खेळाडूचा हार्ट करंडक दोनदा मिळवणारा गोलरक्षकही तो एकटाच.

तथापि फटका आणि फटका यांतही अंतर असते. बर्फावर आखलेल्या दूरच्या निळ्या रेषेवरून नजरेसमोर स्वच्छ येणारी चकती, आणि पॅडवर आपटून उसळताच जवळच टपलेल्या प्रतिस्पर्ध्याने पुन्हा हाणलेली चकती, या दोहोंची किंमत एकच कशी धरावी? म्हणून अलीकडचे संख्याशास्त्रज्ञ अंतर, कोन व आधीची उसळी पाहून प्रत्येक फटक्याची गोल होण्याची संभाव्यता ठरवतात, आणि त्यांची बेरीज प्रत्यक्ष झालेल्या गोलांशी ताडतात. चार गोल अपेक्षित असता तीनच झाले, तर एक गोल गोलरक्षकाच्या जमेस पडतो. मग फलकावर त्याचा संघ तीन विरुद्ध एक असा हरलेला का असेना.